नकाशेवाल्यांनी केक गुंडाळला त्याची हकिकत

रविवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत नकाशेवाल्यांना एक केक स्वहस्ते भाजून, त्यात क्रीम व फळे भरून, त्याची सुबक गुंडाळी करून तो थोरल्या बहिणीच्या घरी पोहोचवायचा होता. आणि शुक्रवारी सकाळपर्यंत त्यांच्याजवळ ओव्हन नव्हता, ट्रे नव्हता व अंडे फोडण्याचा पूर्वानुभवही नव्हता. केकसंबंधी अनुभव म्हणावा असा त्यांना एकच होता, तो म्हणजे खाण्याचा. परंतु त्या अनुभवानेच सारा घात केला होता.

नकाशेवाले हे भूमापन कार्यालयाच्या नकाशा भांडारात सव्वीस वर्षे नोकरीस होते. मागणी आली की कपाटातून नकाशा काढावा, टेबलावर उलगडावा, आणि काम झाले की पुन्हा गुंडाळून, फीत बांधून जागच्या जागी ठेवावा, एवढेच त्यांचे कर्तव्य. यात काय मोठेसे, असे अज्ञ जनांस वाटेल. परंतु या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही नकाशाला चुणी पडलेली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःला पुरेपूर ठाऊक होती, हाच काय तो त्यांच्या स्वभावातील दोष.

अकरा महिन्यांपूर्वी ताईंच्या घरी पाहुणे जमले असता ताईंनी आपल्या हातचा गुंडाळीचा केक मध्यभागी आणून ठेवला. केकला लांबीच्या दिशेने एक तडा गेलेला होता. तो सर्वांनाच दिसत होता. परंतु सर्वजण खुर्च्यांवर गप्प बसले होते आणि नकाशेवाल्यांना गप्प बसवेना. ते म्हणाले, "ताई, आमच्या कार्यालयातला पहारेकरीसुद्धा याहून बरी गुंडाळी करतो." पाहुणे हसले. आपला विनोद साधला, असे नकाशेवाल्यांस वाटले. ताईंनी सर्वांना केक वाढला, सर्वांची विचारपूस केली, आणि निरोपाच्या वेळी दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "पुढचा तूच करून आण. स्वतःच्या हातानं. तोवर माझ्याशी बोलायचं नाही."

ताई रुग्णालयात परिचारिका होत्या. आई गेल्यावर अकरा वर्षांच्या भावाला त्यांनीच वाढवले होते, आणि वाढवताना असो की रुग्णालयात असो, एक गोष्ट दोनदा सांगण्याची त्यांना सवय नव्हती. पहिले दोन महिने नकाशेवाले राग निवळण्याची वाट पाहत राहिले. पुढे त्यांनी फोन केला, तर ताई एवढेच म्हणाल्या, "फोन बायकोकडे दे." त्यानंतर तेही मानी असल्यामुळे गप्प राहिले. असे अकरा महिने निघून गेले.

आणि गुरुवारी त्यांच्या पत्नीने बातमी आणली. ताई घर आवरून मुलाच्या गावी कायमच्या राहायला चालल्या होत्या. सोमवारी सकाळी नऊची गाडी होती. ज्यांना भेटायचे त्यांनी रविवारी पाच वाजेपर्यंत येऊन जावे, असा निरोप होता.

"मला बोलावलंय का?" नकाशेवाल्यांनी वर्तमानपत्राआडून विचारले.

"मी विचारलं तसं."

"मग?"

"त्या म्हणाल्या, त्याला अट माहीत आहे."

एका गावात राहून धरलेला अबोला कधी बाजारात, कधी दवाखान्यात, कधी रस्त्याच्या वळणावर चुकून सुटू शकतो. परंतु दोन गावांमध्ये वाटला गेलेला अबोला आपोआप सुटल्याचे नकाशेवाल्यांच्या ऐकिवात नव्हते. त्यातून ताई अडुसष्ट वर्षांच्या. हा हिशेब त्यांनी मनात पुरता केला नाही. वर्तमानपत्राची घडी घालून ते म्हणाले, "ओव्हन कुणाकडे आहे?"

ओव्हन तिसऱ्या मजल्यावरील शिकवणीबाईंकडे होता. या बाई गणिताच्या शिकवण्या घेत असत. त्या म्हणाल्या, "ओव्हन न्या. माझं स्वयंपाकघर मागू नका. परीक्षा जवळ आली आहे, रविवारी बावीस मुलं बसतात." बटणावरचे आकडे मात्र पुसून गेलेले होते. "घड्याळ समजायचं," बाई म्हणाल्या. "केकला काटा दोनवर ठेवायचा."

"दोन म्हणजे ईशान्येच्या जरा पूर्वेला," नकाशेवाले खात्री करून घेण्याच्या हेतूने म्हणाले.

"मी भूगोल शिकवत नाही. दोन म्हणजे दोन."

ओव्हन दोन्ही हातांनी छातीशी धरून नकाशेवाले जिना उतरत असता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर संस्थेचे सचिव समोर आले. हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते, आणि तेथील पाणी सोडण्याचे व बंद करण्याचे अधिकार गेल्याची उणीव ते इमारतीच्या विजेवर भरून काढीत असत. मागे एकदा सबंध इमारतीचा फ्यूज उडाला होता, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या उपकरणाची त्यांनी मजलावार नोंद ठेवली होती.

"हे कुठं चाललं?"

"आमच्याकडे. दोन दिवसांपुरतं."

"हा ओव्हन तिसऱ्या मजल्याच्या भारात नोंदलेला आहे. पहिल्या मजल्यावर लावलात तर पहिल्याचा भार वाढतो आणि तिसऱ्याचा कमी होतो."

"म्हणजे एकूण तेवढाच राहिला ना?"

"एकूण असं काही नसतं," सचिव शांतपणे म्हणाले. "मजले असतात."

एवढे बोलून त्यांनी अर्जाचा कागद आणण्यासाठी घरात प्रवेश केला, आणि नकाशेवाले ओव्हन धरून वळणावर उभे राहिले. खाली ठेवावा तर जिना अडतो, आणि जिना अडवण्याविरुद्ध वेगळा नियम होता. कागद आल्यावर तो ओव्हनच्याच पाठीवर ठेवून सचिवांनी स्वतः भरण्यास घेतला.

"प्रयोजन?"

"केक."

"वैयक्तिक की सार्वजनिक?"

नकाशेवाल्यांनी विचार केला. "कौटुंबिक."

"तो रकाना नाही."

शेवटी 'वैयक्तिक' असे ठरले. शनिवारी दोन ते चार व रविवारी एक ते तीन, या वेळेत ओव्हन चालवण्यास अनुमती मिळाली. मात्र त्याच वाहिनीवर समोरच्या बिऱ्हाडाची वीज असल्यामुळे त्यांची लेखी संमती आवश्यक होती. समोर दातांचे डॉक्टर राहत. ते आता दवाखान्यात जात नसत, तरी बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न पाहता दातांकडेच पाहत असत.

"साखर किती घालणार?" सही करण्यापूर्वी त्यांनी विचारले.

"शंभर ग्रॅम."

"शंभर ग्रॅममध्ये मी एका माणसाच्या चार दाढा काढलेल्या आहेत." त्यांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले. "अंडी कशानं फेटणार? यंत्रानं नको. हाताला जे कळतं ते मोटारीला कळत नाही."

ज्या मनुष्याने तीस वर्षे मोटारीने लोकांचे दात कोरले, त्याने हे सांगावे, याचे नकाशेवाल्यांस नवल वाटले. परंतु सही अद्याप व्हायची होती. त्यांनी मान डोलावली.

शनिवारी दोनला पाच मिनिटे असता नकाशेवाले स्वयंपाकघरात उभे राहिले. पाककृती त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून काढून भिंतीवर चिकटवली होती. पत्नीला त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची दिली. स्वतःच्या हाताने, ही ताईंची अट होती; आणि ताई प्रश्न विचारणार, हे ठरलेले होते. तेव्हा पत्नीने हात लावायचा नाही, बोलायचे नाही, केवळ साक्षीदार म्हणून बसायचे, असे त्यांनी ठरवले.

"म्हणजे मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी," पत्नी म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार नकाशेवाल्यांनी चार अंडी व साखर हाताने फेटण्यास आरंभ केला. दहा मिनिटांनी त्यांचा खांदा दुखू लागला, वीस मिनिटांनी दुखायचा थांबला, आणि त्याची त्यांना अधिक धास्ती वाटली. फेटून मिश्रण दुप्पट फुगले पाहिजे, असे भिंतीवर लिहिले होते; परंतु मूळचे किती होते हे मोजायचे राहून गेल्यामुळे दुप्पट कधी झाले हे कळण्यास मार्ग उरला नव्हता. पत्नी खोकल्या. नकाशेवाल्यांनी ते ऐकून मैदा ओतला. पत्नी पुन्हा खोकल्या. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की हा खोकला प्रकृतीचा नसून मार्गदर्शनाचा आहे.

"खोकूही नकोस," ते म्हणाले. "ताईंनी विचारलं तर मी काय सांगू?"

पहिला केक ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा तो उंचीने पुठ्ठ्याएवढा होता आणि वाजतही तसाच होता. त्याची गुंडाळी करण्याचा प्रश्नच नव्हता. फार तर तो चौकटीत बसवता आला असता.

दुसऱ्या खेपेस त्यांनी डॉक्टरांचा सल्ला बाजूस ठेवला, दार लावून घेतले व शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून फेटण्याच्या यंत्राभोवती टॉवेल धरून अंडी फेटली. या वेळी मिश्रण फुगले. मैदा त्यांनी हलक्या हाताने मिसळला. काटा ईशान्येच्या जरा पूर्वेला होता. अकरा मिनिटांनी ट्रेमध्ये जे होते ते सोनेरी होते, मऊ होते, बोटाने दाबल्यास पुन्हा वर येत होते. नकाशेवाल्यांच्या डोळ्यांत जवळजवळ पाणी आले. तो लगेच गरम असतानाच टॉवेलवर पालथा घालून गुंडाळावा, असे भिंतीवर लिहिलेले होते. परंतु येथे त्यांचे सव्वीस वर्षांचे ज्ञान आडवे आले. छापून आलेला ओला नकाशा कधीही गुंडाळू नये, तो आधी पूर्ण वाळू द्यावा, हा भांडारातला पहिला नियम. पाककृती लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावे. त्यांनी केक खिडकीत निवत ठेवला व तासाभराने, सव्वीस वर्षांची सगळी हातोटी बोटांत आणून, तो गुंडाळला.

केकचे पाच तुकडे झाले.

नकाशेवाले त्या तड्यांकडे पाहत उभे राहिले. ताईंच्या केकला एकच तडा होता. ताई तेव्हा सकाळपासून एकट्याच राबत असणार. गुडघे धरून उठत-बसत असणार. आणि तो तडा गेला त्या क्षणी स्वयंपाकघरात एकट्या उभ्या राहून त्यांनीही असेच पाहिले असणार. मग पदर सारखा करून त्यांनी तो पाहुण्यांपुढे आणला, आणि धाकट्या भावाने तोंड उघडले. नकाशेवाल्यांना खुर्ची हवीशी वाटली, परंतु स्वयंपाकघरातील एकुलत्या खुर्चीवर साक्षीदार बसलेला होता.

"अहो," पत्नी हळूच म्हणाल्या, "मी सांगते ना त्यांना, तुमचापण मोडला म्हणून. त्या हसतील. तिथंच संपेल सगळं."

"मोडलेला घेऊन गेलो तर त्या म्हणतील, मोडलेला आणला. त्या हसणार नाहीत. त्या मान डोलावतील आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागतील." त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. "तू ओळखत नाहीस त्यांना."

"तीस वर्षं ओळखते," पत्नी म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा अकरा महिने जास्त बोललेय."

नकाशेवाले भांडी घासू लागले.

रविवारी एक वाजता दार वाजले. सचिव मनगटावरील घड्याळ सरळ करीत आत आले व ओव्हनच्या प्लगशेजारी स्टूल ओढून बसले. अनुमतीच्या वेळेवर देखरेख ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, असे ते म्हणाले. पाठोपाठ डॉक्टर आले. आपण संमती दिली असल्यामुळे परिणाम पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यांचे मत होते. स्वयंपाकघर आधीच लहान. त्यात एक साक्षीदार, एक अधिकारी व एक तज्ज्ञ. नकाशेवाल्यांना हात हलवण्यास जेवढी जागा उरली, तेवढ्यात त्यांनी उरलेली चार अंडी फोडली. पाचवे अंडे घरात नव्हते. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही.

"यंत्रानं फेटताय," डॉक्टर म्हणाले.

"हाताला मुरगळ आहे."

"कुठल्या हाताला?"

"दोन्ही."

तिसरा केक उत्तम भाजला गेला. या वेळी नकाशेवाल्यांनी भिंतीवरील अक्षराला अक्षर प्रमाण मानले. पिठीसाखर भुरभुरवलेल्या टॉवेलवर त्यांनी तो पालथा घातला, तळाचा कागद सोलला, आणि वाफ निघत असतानाच टॉवेलसकट गुंडाळला. सगळ्यांचे कान टवकारलेले होते. तडकल्याचा आवाज आला नाही. नकाशेवाल्यांनी श्वास सोडला. सचिवांनीही सोडला, त्यांनी तो धरला होता हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आले नव्हते.

क्रीम फेटताना एकदा ते रवाळ होऊ लागले, तेव्हा नकाशेवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी यंत्र बंद केले, दोन चमचे द्रव क्रीम घातले, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते पुन्हा मऊ झालेले होते. हे कसे घडले याचे कारण भिंतीवर नव्हते आणि त्यांनी ते शोधलेही नाही. स्ट्रॉबेरी त्यांनी पट्टीने मापून सारख्या आकाराच्या कापल्या होत्या. केक निवला. अडीच वाजले. त्यांनी टॉवेल उलगडला.

आता येथे नकाशा भांडारातील एक रीत सांगणे अवश्य आहे. बाहेरचे लोक नकाशा गुंडाळतात तो चित्र आत ठेवून. त्यांना वाटते, चित्र सुरक्षित राहील. भांडारात नकाशा गुंडाळतात तो नेहमी चित्र बाहेर ठेवून. कारण चित्र आत ठेवले, तर उलगडल्यावर कागदाची टोके वर वळतात, पाहणाऱ्याच्या हनुवटीला लागतात, आणि चार वजने ठेवल्यावाचून काम होत नाही. चित्र बाहेर ठेवले, तर टोके खाली वळून टेबलाला चिकटतात आणि नकाशा शहाण्यासारखा सपाट पडून राहतो. नकाशेवाल्यांनी सव्वीस वर्षांत हे किती वेळा केले असेल, ते त्यांनाही सांगता आले नसते. ते आता त्यांच्या डोक्यात राहिलेलेच नव्हते, फक्त हातांत राहिले होते.

टॉवेल उलगडताच केकची दोन्ही टोके वर वळली. नकाशेवाल्यांच्या हातांनी, नकाशेवाल्यांना न विचारता, केक अलगद उचलला, उलटा केला आणि खाली ठेवला. टोके टेबलाला चिकटली. केक शहाण्यासारखा सपाट पडला.

दाराशी पत्नीने तोंड उघडले. मग त्यांना खोकल्याविषयीची ताकीद आठवली. त्यांनी तोंड मिटले आणि छताकडे पाहिले.

नकाशेवाल्यांनी क्रीम कडेपासून कडेपर्यंत एकसारखे पसरले. त्यावर स्ट्रॉबेरींच्या समांतर ओळी मांडल्या, इतक्या सरळ की डॉक्टर म्हणाले, "असे दात मी जन्मात पाहिले नाहीत." मग नकाशेवाल्यांनी जवळची कड दोन्ही अंगठ्यांत धरली, भांडारातल्याप्रमाणे ती खालच्या बाजूला वळवली आणि एका सलग, निर्दोष हालचालीने गुंडाळी केली. तडा नाही, चुणी नाही. गुंडाळी सुतासारखी सरळ होती. सव्वीस वर्षांत एवढी सुरेख गुंडाळी त्यांच्या हातून झालेली नव्हती.

आणि क्रीम बाहेर होते. वर, बाजूंना, खाली, सर्वत्र क्रीम. आणि त्यातून स्ट्रॉबेरींच्या समांतर ओळी नकाशेवाल्यांकडे पाहत होत्या. आत निव्वळ कोरडा केक.

डॉक्टर मान तिरकी करून म्हणाले, "आधुनिक दिसतोय."

सचिवांनी घड्याळाकडे पाहिले. "तीन वाजले," ते म्हणाले, आणि प्रथमच काहीशा ओशाळलेपणाने त्यांनी प्लग काढला.

नकाशेवाले हात पुढे धरून उभे होते, जणू ते हात दुसऱ्याचे होते व तो मनुष्य परत येईपर्यंत सांभाळायचे होते. "तू पाहत होतीस," ते पत्नीला म्हणाले.

"हो."

"मग बोललीस का नाहीस?"

संसारात काही प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत तरच संध्याकाळ बरी जाते, हे पत्नीला ठाऊक होते. त्या खुर्चीवरून उठल्या व म्हणाल्या, "कपडे बदला. पाऊण तास चालायचंय."

"हे घेऊन?"

"तुम्ही केलंत ना? अटीत क्रीम कुठं असावं ते नव्हतं."

ताईंचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. गाडीत हादरे बसतात म्हणून पायी जायचे ठरले होते. परंतु चार वाजताचे ऊन कोणी विचारात घेतले नव्हते. नकाशेवाले दोन्ही हातांवर ट्रे धरून पुढे, आणि पत्नी त्यावर उघडलेल्या वर्तमानपत्राचे छप्पर धरून शेजारी, अशी ती मिरवणूक निघाली. रस्त्यातले लोक वाट देऊ लागले. क्रीम वितळू लागले. पहिली स्ट्रॉबेरी टपालपेटीपाशी घसरली, ती नकाशेवाल्यांनी करंगळीने परत बसवली. दुसरी शाळेच्या कुंपणापाशी. पुढे पुढे त्या दोनदोन घसरू लागल्या, आणि बसवण्यास करंगळ्या दोनच होत्या. कार्यालयातील एक ओळखीचा सर्वेक्षक समोरून आला, त्याने तोंड उघडले, नकाशेवाल्यांचा चेहरा पाहिला आणि तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. परत फिरावे, असे नकाशेवाल्यांच्या मनात चार वेळा आले. चारही वेळा त्यांना नऊची गाडी दिसली.

ताईंचे दार उघडेच होते. घर रिकामे झाले होते; भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन होते, आणि मध्यभागी बांधलेल्या खोक्यांवर ताई बसल्या होत्या. इतर मंडळी येऊन गेली होती. ताई वाळल्या होत्या. नकाशेवाल्यांना ते अकरा महिने एकदम त्यांच्या मनगटांवर दिसले.

"ये गं, बस," ताई पत्नीला म्हणाल्या. "यांना विचार, पाणी घेणार का."

"पाणी घेणार का?" पत्नीने विचारले.

"घेईन, म्हणावं," नकाशेवाले म्हणाले.

त्यांनी ट्रे समोरच्या खोक्यावर ठेवला. ताईंनी चष्मा लावला. त्यांनी केक समोरून पाहिला. उठून बाजूने पाहिला. एक बोट लावून क्रीम चाखले, आणि गुंडाळीच्या टोकाशी वाकून आत काय आहे ते पाहिले. आत काही नव्हते.

"हे कुणी केलं?" त्यांनी पत्नीलाच विचारले.

"यांनीच. मी हात लावला नाही."

"सांगितलंस काही?"

"बोलू दिलं नाही. खोकूही दिलं नाही."

ताईंनी चष्मा काढला. तो पुसला. मग त्या हळूहळू भावाकडे वळल्या, आणि फोनवरचे ते तीन शब्द वगळता अकरा महिन्यांतला पहिला शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

"गाढवा," त्या म्हणाल्या, "क्रीम आत जातं ना?"

"हो."

"मग बाहेर कसं आलं?"

"हात वळले, ताई. सवयीनं." आणि नकाशेवाल्यांनी उभ्या उभ्या त्यांना भांडारातली रीत, टोके, वजने, सगळे सांगितले. ताईंनी रुग्णाची हकिकत ऐकावी तसे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हणजे ते सपाट राहतात."

"अगदी सपाट."

"आणि हा काय भिंतीवर लावायचा होता?"

पत्नीला हसू फुटले. ताईंचे ओठ हलले, परंतु त्यांनी ते आवरले व बांधलेल्या खोक्यांपैकी एकाची दोरी सोडून सुरी काढली. ताटल्या सगळ्या बांधून झाल्या होत्या, म्हणून तिघांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर केक घेतला. बोटे, मनगटे, नकाशेवाल्यांची बाही, सर्व क्रीममय झाले. आतून केक जरा कोरडा होता. ताईंनी तसे सांगितले. अंडी जास्त वेळ फेटली, असेही सांगितले. स्ट्रॉबेरी धुऊन पुसल्या नव्हत्या, म्हणून पाणी सुटले. नकाशेवाले एकेक आरोप कबूल करीत होते, आणि प्रत्येक आरोपासरशी त्यांच्या छातीवरची एकेक वीट उतरत होती.

"ताई," त्यांनी घास गिळला, "त्या दिवशी मी जे—"

"तोंडात घास असताना बोलू नकोस." ताईंनी बोटे पुसली. "तडा गेलाच होता. मला काय दिसत नव्हतं? आठ वर्षं जातोय तडा, हात पूर्वीसारखे राहिले नाहीत. तू घरी येऊन मला एकटीला म्हणाला असतास तर मी हसले असते. परक्यांसमोर म्हणालास."

"चुकलं."

"चुकलंच." त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. "उद्या गाडीवर येऊ नकोस. तू रडणार, मग मला तुझ्याकडे बघावं लागणार, आणि सामान कोण मोजणार?"

"नाही येत."

"येशील. मला माहीत आहे. आलास तर मागं उभा राहा." मग त्यांनी खोक्याला पुन्हा दोरी बांधायला घेतली, आणि गाठ मारता मारता, वर न पाहता म्हणाल्या, "पत्ता लिहून घे. एकदाच सांगेन."

नकाशेवाल्यांच्या खिशात पेन्सिल होती. क्रीम न लागलेला कागद मात्र कोठेच नव्हता. शेवटी वर्तमानपत्राच्या छपराचा एक कोपरा त्यातल्या त्यात कोरडा निघाला, त्यावर ते गुडघे टेकून लिहू लागले. घर क्रमांक. चौथा मजला. लिफ्ट नाही. मागची गल्ली. पेन्सिल बोटांतून घसरत होती, आणि ज्यांचे अक्षर सबंध कार्यालयात नावाजलेले, त्यांचे अक्षर या वेळी काही केल्या ओळीत येईना. तरी कामाची शिस्त सुटली नाही. पत्ता पुरा झाल्यावर त्यांनी खाली एक रेघ ओढली आणि विचारले, "जवळची खूण काय लिहू?"

"खूण कशाला लागतेय?" ताई म्हणाल्या. "मी गॅलरीत उभी असेन ना."